तिनानं भाग जाणारी रक्कम

बिशपसाहेबांच्या खोलीत फ्रँक गॅल्विन बसला आहे. नुकताच हॉस्पिटलमधून आलाय. खिशात पोलरॉइडचे फोटो, समोर दोन लाख दहा हजार डॉलरचा देकार. तो विचारतो, हा आकडा ठरवला कसा? बिशप म्हणतात, आम्हांला तो न्याय्य वाटला. गॅल्विन आकड्याकडे बघतो आणि म्हणतो की याला तिनानं कसा छान पूर्ण भाग जातो, म्हणजे माझे सत्तर हजार. मग तो पैसे नाकारतो.

सिडनी ल्युमेट यांचा ‘द व्हर्डिक्ट’ (1982) ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या डोक्यात बहुधा हाच प्रसंग राहिलेला असतो. मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा सनद मिळून वर्ष झालं नव्हतं आणि ऊर भरून आला होता. आता बावीस वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवून झाल्यावर तोच प्रसंग लागला, की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: अरे बाबा, पक्षकाराला विचारलंस का?

नाही विचारलं. चित्रपटभर विचारत नाही. म्हणून हे प्रकरण मांडून बघायचं आहे. ‘एका वकिलाचं आत्मशोधन’ हे त्याच्यावरचं नेहमीचं लेबल बाजूला ठेवू. वकिलाच्या टेबलावर फाइल येते तशी ही फाइल उघडू.

फाइल अशी. ठिकाण बॉस्टन. डेबोरा ॲन के ही बाई तिसऱ्या बाळंतपणासाठी बिशपांच्या चर्चच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिला पूर्ण भूल दिली. पोटात अन्न होतं, मास्कमध्ये उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली, मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून बाई कोमात आहे, यंत्राला जोडलेली. भूल देण्याआधी किती तास पोट रिकामं हवं हे आपल्याकडे हर्नियाच्या ऑपरेशनला गेलेल्या माणसालाही माहीत असतं: घन अन्नाला साधारण सहा तास. दाखल करतानाच्या फॉर्मवर ‘शेवटचं कधी खाल्लं’ या रकान्यात ‘9’ लिहिलंय, नऊ तासांपूर्वी. डॉक्टरांचा सगळा बचाव त्या एका आकड्यावर उभा आहे. दावा लावलाय तिच्या बहिणीनं, सॅली डॉनेघीनं. सॅलीच्या नवऱ्याला, केव्हिनला, दूर ॲरिझोनात नोकरी मिळाली आहे. त्यांना पैसे हवेत ते डेबोराच्या कायमच्या शुश्रूषेची सोय लावायला, आणि मग आपला संसार पुढे न्यायला.

आणि वकील? पॉल न्यूमनचा गॅल्विन हा त्या काळातल्या अमेरिकन सिनेमातला बहुधा सगळ्यात पडका वकील. सकाळी बारमध्ये पिनबॉल खेळतो, बिअरमध्ये कच्चं अंडं फोडून पितो. वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचून अनोळखी लोकांच्या अंत्यविधीला जातो आणि विधवेच्या हातात कार्ड देतो. एका ठिकाणी मयताचा मुलगा त्याला हाकलून देतो. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम 36 असं काम मिळवायला बंदी घालतो. सरकारी दवाखान्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली आमची काही मंडळी मात्र त्या नियमाच्या वयाचीच झाली आहेत.

गॅल्विनचा भूतकाळही आहे. मोठ्या फर्ममध्ये होता. वरिष्ठांनी ज्युरीतल्या माणसाला फितवलं, ते हा उघड करणार म्हटल्यावर त्यालाच अडकवलं. नोकरी गेली, बायको गेली, सनद कशीबशी वाचली. ही केस त्याच्याकडे आली ती म्हातारा मित्र मिकी मॉरिसीच्या कृपेनं. सोपी केस, समोरचे तडजोड करणारच, पैसे घे आणि मोकळा हो. दीड वर्ष तिला हातही लावलेला नाही.

इथपर्यंत फाइलमध्ये नवीन काही नाही. असे वकील असतात, अशा केसेस असतात.

मग तो फोटो काढायला वॉर्डात जातो. तडजोडीच्या टेबलावर दाखवायला फोटो हवेत, एवढाच हेतू. पोलरॉइड काढून पलंगाच्या कडेवर ठेवतो आणि ल्युमेट यांचा कॅमेरा त्या फोटोंवर थांबतो. राखाडी चौकोनात हळूहळू एक चेहरा उमटायला लागतो, नळ्या दिसायला लागतात. गॅल्विन फोटो काढायचा थांबतो, नुसता बसतो. नर्स येऊन म्हणते, तुम्हांला इथं थांबता येणार नाही. तो म्हणतो, मी तिचा वकील आहे.

दीड वर्षात हे वाक्य त्यानं पहिल्यांदा खरं करून म्हटलेलं आहे. न्यूमन ते मोठ्यानं म्हणत नाही, जवळजवळ स्वतःलाच सांगतो. आणि माझ्या मते खरा पेच इथं सुरू होतो, बिशपच्या खोलीत तो फक्त बाहेर पडतो. ‘तिचा’ म्हणजे कुणाचा? वकीलपत्रावर सही सॅलीची आहे. पलंगावर डेबोरा आहे. एकीला आवाज आहे आणि थकवा आहे, दुसरीला दोन्ही नाही. या दोघींचं हित एकच आहे असं आपण गृहीत धरतो, पण सॅलीला उद्या ॲरिझोनाला जायचं आहे आणि डेबोराला कुठंच जायचं नाही.

आता बिशपच्या खोलीतलं त्याचं बोलणं पुन्हा ऐका. त्या बिचारीनं दोन डॉक्टरांच्या हाती जीव सोपवला, त्यांनी तो घेतला, आणि तिची काळजी ज्यांनी घ्यायची त्या आपल्या सगळ्यांना गप्प बसायचे पैसे मिळताहेत, असं तो म्हणतो. इथपर्यंत तो डेबोराचा वकील आहे. पण शेवटाला येतो तेव्हा म्हणतो: मी हे पैसे घेतले तर मी संपलो. या वाक्यातला ‘मी’ मला खटकतो. पैसे त्याचे नाहीत. त्याचे सत्तर. उरलेले एक लाख चाळीस हजार एका कोमातल्या बाईचे आणि तिच्या बहिणीचे आहेत, आणि ते त्यानं स्वतःच्या आत्म्यासाठी टेबलावरून मागं सरकवले.

बरं, या नकारानं सर्वात मोठं नुकसान त्याचं स्वतःचंच होतं, म्हणून तो आपल्याला निःस्वार्थी वाटतो. तीन वर्षांत चार केसेस, चारही हरलेल्या. हातात बरी अशी ही एकच. सत्तर हजार खिशात पडले असते. हितसंबंध म्हटलं की आपण पैशाचाच विचार करतो. पण स्वतःच्या नजरेत पुन्हा उभं राहण्याची गरज हाही हितसंबंधच. उलट जास्त धोक्याचा, कारण पैशाचा लोभ आरशात ओळखू येतो. हा दुसरा लोभ सदसद्विवेकबुद्धीचे कपडे घालून येतो.

नियम काय सांगतो? तडजोड स्वीकारायची की नाही हे पक्षकार ठरवणार. अमेरिकन बार असोसिएशनच्या 1969 च्या संहितेत हे होतं, आणि चित्रपट लागल्यानंतर आठ महिन्यांत, ऑगस्ट 1983 मध्ये मंजूर झालेल्या आदर्श नियमांत तर ते स्वच्छ शब्दांत आलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंह या निकालात हेच सांगितलं: पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलानं त्याचे हक्क सोडायचे नाहीत, तडजोड करायची नाही. हे पैसे घेण्याबद्दल झालं. पण न घेणं हाही तेवढाच मोठा निर्णय आहे, हे आमच्या वकिली मंडळींच्या गळी उतरायला वेळ लागतो. ‘मी काही सोडलं नाही, उलट लढलो’ असं म्हणायची सोय असते ना.

एक तृतीयांशाचा मुद्दा आपल्या वाचकांसाठी थोडा सोडवून सांगायला हवा. अमेरिकेत असल्या दाव्यांत वकील निकालावर टक्केवारी घेतो, तो राजमार्ग आहे. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम 20 त्याला मनाई करतो, आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्याच एका ज्येष्ठ वकिलाला वसुलीत निम्मा वाटा ठरवल्याबद्दल दोषी धरलं होतं. अहवालात त्यांचं नाव नुसतं ‘जी’ असं आहे. व्यवहारात काय चालतं ते क्लेम कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसलेल्या कुणालाही विचारा.

चित्रपटाचं मोठेपण असं की तो गॅल्विनला फुकट सोडत नाही. कोर्टाच्या आवारात केव्हिन डॉनेघी त्याला गाठतो. देकाराची गोष्ट त्याला समोरच्या बाजूकडून कळलेली आहे, स्वतःच्या वकिलाकडून नाही. तो गॅल्विनच्या अंगावर धावून जातो आणि म्हणतो त्याचा मतलब असा: तुम्ही सगळे सारखेच. डॉक्टर काय, वकील काय. आमच्यासाठी काय काय करणार ते सांगता, आणि चुकलात की म्हणता आम्ही आमच्या परीनं केलं. आणि तुमच्या चुका आम्ही जन्मभर निस्तरायच्या. दोन मिनिटांचा प्रसंग असेल, केव्हिन पुढं फारसा दिसतही नाही. पण त्यानं डॉक्टर आणि वकील एका ओळीत उभे केले आणि ते बरोबर केलं. भूलतज्ज्ञ डॉ. टाउलर यांनी फॉर्म न वाचता भूल दिली. गॅल्विननं पक्षकाराला न विचारता देकार फिरवला. दोघांनी दुसऱ्याच्या जिवाशी, दुसऱ्याच्या वतीनं, आत्मविश्वासानं निर्णय घेतला.

पुढं आणखी वाईट होतं. गॅल्विनचा मुख्य तज्ज्ञ साक्षीदार ऐन वेळी गायब होतो. समोरच्यांनी त्याला दूर सुट्टीवर पाठवून दिलेलं. तारीख वाढवून मागितली तर न्यायाधीश हॉयल देत नाहीत. तेव्हा गॅल्विन घाबरून फोन उचलतो. कुणाला? समोरच्यांच्या विमा कंपनीच्या माणसाला. तो देकार अजून आहे का म्हणून. नाही, आता नाही. म्हणजे नाकारताना सॅलीला विचारलं नव्हतं आणि आता शरण जाताना पण विचारलेलं नाही. हा बारकावा डेव्हिड मॅमेट यांनी पटकथेत मुद्दाम ठेवला की सहज आला, देव जाणे, पण माणूस त्यात पकडला गेलाय. सदसद्विवेकबुद्धी जागी झाली तरी सवय जागची हलली नाही.

समोरचा वकील म्हणजे जेम्स मेसनचा एड कॉनकॅनन. मिकी त्याला अंधाराचा राजा म्हणतो. हातात तरुण वकिलांची अख्खी फौज, लांबलचक टेबल, चांदीची किटली. तो डॉ. टाउलर यांची तालीम घेतो. डॉक्टर वैद्यकीय भाषेत उत्तर देतात, हा थांबवतो: सरळ सांगा, तिला मास्कमध्ये उलटी झाली. आता यात अनीती किती? साक्षीदाराला साधं बोलायला सांगणं हे मी रोज करतो. कोर्टात आलेला ट्रकचा क्लीनर ‘सदर वाहन भरधाव वेगाने’ म्हणायला लागला की मीच त्याला म्हणतो, अरे, तू घरी कसं सांगशील तसं सांग. कॉनकॅननचा दोष तिथं नाही. त्यानं गॅल्विनच्या शेजारी लॉराला पेरलंय आणि तिला चेक दिलाय, तिथं आहे. ही शार्लट रॅम्पलिंगची लॉरा गॅल्विनची मैत्रीण होऊन सगळी तयारी समोर पोचवत असते. गॅल्विनला कळतं तेव्हा तो तिला भर बारमध्ये मारतो, आणि चित्रपट त्याबद्दल त्याला फारसं काही विचारत नाही. ते आज बघताना अंगावर येतं.

गॅल्विनही काही धुतल्या तांदळासारखा नाही. एका नर्सची टपालपेटी फोडून तिचं टेलिफोन बिल चोरतो. तिकडे तो केंद्रीय गुन्हा आहे. त्या बिलावरच्या नंबरावरून न्यूयॉर्कमध्ये केटलिन कॉस्टेलो सापडते, दाखल करून घेणारी तेव्हाची नर्स, आता लहान मुलांमध्ये काम करणारी.

तिच्या साक्षीत कॉनकॅननकडून आयुष्यातली चूक होते. उलटतपासणीचा पहिला धडा म्हणजे ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. ती म्हणते मी ‘1’ लिहिला होता, एक तास. तो विचारतो, इतक्या वर्षांनी एवढं छातीठोक कशी सांगता? ती पर्समधून झेरॉक्स काढते. टाउलर थकलेले होते, लागोपाठ पाच अवघड बाळंतपणं झाली होती, फॉर्म वाचला नव्हता, आणि नंतर त्यांनीच मला एकाचा नऊ करायला लावला, नाहीतर पुन्हा कुठं काम मिळणार नाही म्हणाले. लिंडसे क्राउझनं हे असं सांगितलंय की कोर्टात कुणी हलत नाही. मला तर तो नऊच डोळ्यांसमोर येतो. एकाचा नऊ करायला किती लागतं? वर एक गोल, बस. खाडाखोडसुद्धा दिसत नाही.

मग कॉनकॅनन पूर्वीचा एक निवाडा दाखवतो. मूळ कागद रेकॉर्डवर असताना झेरॉक्स चालणार नाही. न्यायाधीश मान्य करतात, शेवटी तिची सगळी साक्षच ज्युरीनं विसरून जावी असा आदेश होतो. आपल्याकडेही झेरॉक्स म्हणजे दुय्यम पुरावा. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 65 आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 60 पार केल्याशिवाय तो आत येत नाही. फरक असा की मूळ कागद समोरच्याच्या ताब्यात असेल आणि त्याच्यावरच खोडाखोडीचा आरोप असेल तर आमचं एखादं कोर्ट इतकं कडक झालं नसतं, निदान झेरॉक्सवर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडून ती युक्तिवादाला राहिली असती. आणि ऐकलेलं विसरा हे बारा माणसांना सांगणं! आपल्याकडे ज्युरी उरली नाही, पण ज्या न्यायाधीशानं पुरावा ऐकून तो नामंजूर केला, त्यालाच निकालही लिहायचा असतो. आपण ते विसरलो असं तो लिहितो, आपण मान्य करतो.

ज्युरी अर्थातच विसरत नाही. निकाल गॅल्विनच्या बाजूनं. वर विचारतात, मागणीपेक्षा जास्त देता येईल का? आकडा आपल्याला कळतच नाही. प्रेक्षक खूश. माझ्यातला क्लेमवाला मात्र खुर्चीत चुळबुळतो, कारण रेकॉर्डवर पुरावा काही उरलेला नाही आणि कॉनकॅनन अपिलाला जाणारच. सॅलीच्या हातात चेक कधी पडेल?

आता या फाइलवर माझं मत. गॅल्विननं तडजोड नाकारायला नको होती असं मी म्हणत नाही. ती नाकारायचा अधिकार त्याचा नव्हता. त्यानं सॅलीकडे जाऊन सांगायला हवं होतं: ताई, एवढा देकार आहे, मला तो कमी वाटतो, माझा तज्ज्ञ चांगला आहे, पण हरलो तर शून्य. तिनं घ्या म्हटलं असतं, हे जवळजवळ नक्की. मग डेबोराचं काय, खोट्या फॉर्मचं काय? याला आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक उत्तर आहे, आणि मला ते सिनेमातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त आवडतं. ज्याला स्वतःचं भलं कळत नाही त्याच्या वतीनं जो दावा लावतो तो वादमित्र. आदेश 32 चा नियम 7 म्हणतो, वादमित्राला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येणार नाही. म्हणजे सॅली हो म्हणाली तरी आणखी एका माणसानं पलंगावरच्या बाईसाठी विचार करायचा आहे. गॅल्विनला जे एकट्याला ठरवावंसं वाटलं, ते एकट्यानं ठरवायचं नाही म्हणून हा नियम आहे. न्यायाधीश हॉयलसारखा असला तर उपयोग किती, हा वेगळा प्रश्न. तो तर चेंबरमध्ये गॅल्विनला म्हणतो, मी असतो तर घेऊन चोरासारखा पळालो असतो.

हे सगळं मी साळसूदपणे लिहितोय, तर माझीही एक फाइल सांगतो. टेम्पोचालकाची विधवा, पदरात बारावी झालेली मुलगी. लोकअदालतीत विमा कंपनीनं देकार दिला. मला कमी वाटला. मी नियमानं बाईंना बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि विचारलं. कसं विचारलं? “वहिनी, एवढ्यात मान्य करायचं का? तसं मला तर वाटतं आपल्याला बरंच जास्त मिळेल.” त्यांनी दीराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “साहेब, तुम्ही म्हणाल तसं.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी आत जाऊन सांगितलं, पक्षकार तयार नाहीत.

निकाल अडीच वर्षांनी लागला, रक्कमही थोडी जास्तच आली. पेढे घेऊन त्या ऑफिसात आल्या. मी मुलीचं विचारलं, नर्सिंगला घालणार होता ना? तेव्हा म्हणाल्या, त्या वर्षी फी भरायची तारीख जूनमध्ये होती साहेब, मग तिचं लग्नच केलं. तक्रार म्हणून नाही म्हणाल्या. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून पावतीवर कुठं सही करायची ते विचारलं.

मी विचारलं होतं, हे फाइलवर आहे. गॅल्विननं विचारलंच नाही. आमच्यातलं अंतर एवढंच.

‘द व्हर्डिक्ट’ बॅरी रीड या बॉस्टनच्याच वकिलाच्या कादंबरीवरचा. ऑस्करला पाच नामांकनं मिळाली, हातात काही आलं नाही. त्या वर्षी ‘गांधी’ होता आणि न्यूमनसमोर बेन किंग्जली. शेवटच्या दृश्यात गॅल्विन रात्री ऑफिसात बसलाय, हातात या वेळी दारू नाही, कॉफी. फोन वाजतो. पलीकडे लॉरा आहे हे आपल्याला दिसतं. तो बघत राहतो, उचलत नाही, घंटी वाजत राहते. दर वेळी मला उगीच वाटतं, सॅलीचा असता तर त्यानं उचलला असता का.